पेगानाचे देव मलप्रभेच्या काठी: आरपीजीसाठी कल्पित देवमंडळ कसं बसवावं?

घाटमाथा

नमस्कार मंडळी.

बेळगावात आमचा टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन, फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ) खेळणाऱ्यांचा छोटा गट आहे. बहुतेक जण टिळकवाडी-शहापूरचे, एक जण खानापूरहून येतो, एक हुक्केरीहून. डीएम, म्हणजे गोष्ट आणि तिचं जग चालवणारा, मी. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या (डी अँड डी) पाचव्या आवृत्तीचे. त्यातला जो मूळ नियमसंच जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला झाला, तेवढ्यावर आमचं भागतं. नवी मोहीम, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी एक गोष्ट, उभी करताना देव कुठले घ्यायचे यावर बरीच चर्चा झाली आणि शेवटी लॉर्ड डन्सनी या आयरिश लेखकाचं १९०५ सालचं ‘द गॉड्स ऑफ पेगाना’ घेतलं. ते टेबलावर बसवताना काय ठेवलं, काय बदललं ते इथे मांडतो. तुमच्या गटांनी काय केलंय तेही सांगा.

हेच पुस्तक का? एक तर ते आता सगळ्यांचं आहे. डन्सनी १९५७ साली गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, म्हणजे २०१८ पासून भारतात ते कुणीही वापरावं. दुसरं, त्यांनी कुठल्या पुराणातले देव उचलून नावं बदललेली नाहीत. अख्खं देवमंडळ नव्याने रचलंय, आणि तेही पोथीच्या चालीने. नायक नाही, सलग कथानक नाही. त्यामुळे ‘खरी गोष्ट आधीच कुणीतरी करून गेलाय, आपण मागून आलोय’ असं खेळाडूंना वाटत नाही. आणि डी अँड डीच्या घराण्याला डन्सनी परके नाहीतच: या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये प्रेरणा देणाऱ्या लेखकांची यादी दिली, तीत त्यांचं नाव आहे.

पुस्तकातली मांडणी थोडक्यात अशी. सगळ्यांच्या आधी माना-यूद-सुशाई. त्याने देव घडवले आणि तो विसावला. त्याच्या पायाशी स्कार्ल ढोल वाजवत बसलाय. ढोल थांबला की माना जागा होणार, आणि मग ना हे देव राहणार ना ही जगं. तो विसावलेला असताना धाकट्या देवांनी स्वतःच्या करमणुकीसाठी जगं निर्माण केली. किब जीव पाठवतो, मुंग तो परत नेतो. सिश म्हणजे काळ. स्लिडचा जीव समुद्रापाशी. रून जाणाऱ्या-येणाऱ्यांचा, लिम्पांग-तुंग हसण्या-गाण्याचा, योहार्नेथ-लाहाई छोट्या स्वप्नांचा. मानाची प्रार्थना मात्र करायची नाही, माणसांच्या दुःखांनी त्याला त्रास द्यायचा नाही. म्हणून आमच्या खेळात मानाचा क्लेरिक (देवाच्या बळावर मंत्र चालवणारा पुजारी) होता येत नाही.

खुल्या नियमसंचात क्लेरिकला एकच डोमेन (देवाच्या क्षेत्रानुसार मिळणाऱ्या ताकदींचा संच) आहे, लाइफ म्हणजे जीवन. ते किबला बसतं. बाकीच्या देवांसाठी आपणच रचावं लागतं. मी त्यात फार गुंतलो नाही. प्रत्येकाला चार-पाच साजेसे मंत्र वाटून मोकळा झालो, कारण माझं लक्ष दुसरीकडे होतं. आपल्या भागात कुणाला देवाबद्दल विचारा, तो देवाच्या ताकदींची यादी सांगत नाही. त्या देवाला काय चालतं, काय चालत नाही, कुठल्या वारी काय खायचं नाही, नवीन धान्य आधी कुणापुढे ठेवायचं, नवस फेडायचा राहिला तर काय होतं, हे सांगतो. खेळातल्या देवांची हीच बाजू नेहमी कोरी राहते. पुस्तकात छान चित्र असतं, चिन्ह असतं, आवडतं शस्त्र असतं, आणि त्या देवाच्या गावातली म्हातारी सकाळी उठून काय करते याचा पत्ता नसतो. आम्ही तिथून सुरुवात केली.

मुंगचं उदाहरण देतो. पुस्तकात तो रस्त्यात, दारात, कुठेही माणसासमोर येतो, ‘मुंगची खूण’ करतो, संपलं. त्याला कुठलेच आकडे आम्ही दिले नाहीत. हिट पॉइंट (पात्राची उरलेली जीवशक्ती) शून्यावर आले की डेथ सेव्ह (जगणार की मरणार ते ठरवणारे फासे) टाकायचे आणि तीन चुकले की मृत्यू, हा नियम आहेच. प्रत्येक चुकलेल्या फाशाला आम्ही त्या खेळाडूपुढे एक काळा खडा ठेवतो. तिसरा खडा पडल्यावर ‘तू मेलास’ असं कुणी म्हणत नाही. मी उजवा हात टेबलावर पालथा ठेवतो, खेळाडू आपल्या पात्राच्या नोंदींची शीट उलटी करतो, आणि मुंगला उद्देशून त्याला एक वाक्य बोलायची मुभा असते. टेबलावरचे बाकीचे त्या वाक्याला उत्तर देत नाहीत.

स्कार्लचा ढोल म्हणजे आमचं घड्याळ. ब्लेड्स इन द डार्क (२०१७) या खेळात वर्तुळाचे भाग पाडून संकट किती जवळ आलं ते दाखवतात, तीच पद्धत. आमचं वर्तुळ आठ भागांचं. कुणी मानाची प्रार्थना केली, किंवा एखाद्या पुजाऱ्याने ‘मला देवांचं मन कळलंय’ असा दावा करून लोकांना कामाला लावलं, की एक भाग भरतो. बैठक सुरू होताना मी टेबलावर धनगरी ढोलाचा ठेका धरतो. जितके भाग भरलेले, तितका ठेका संथ. आकडा कुणाला दिसत नाही, पण ठेका सगळ्यांना कळतो.

आणि आता ज्याच्यासाठी हा धागा काढला ते: घरचे देव. रूनच्याच प्रकरणात डन्सनींनी सांगितलंय की असे हजार आहेत. त्यातले मोजकेच त्यांनी नावाने सांगितलेत, पण काय सांगितलेत! पित्सू मांजराला कुरवाळतो. होबिथ कुत्र्याला शांत करतो. हबानिया निखाऱ्यांचा धनी. झुम्बिबू धुळीचा. म्हातारा ग्रिबाउन विस्तवाच्या पोटात बसून लाकडाची राख करतो. किलूलूगुंग चुलीचा धूर वर आभाळात पोचवतो. वोहून रात्रीच्या आवाजांचा. आणि माझा सगळ्यात लाडका जाबिम, मोडक्या वस्तूंचा देव, जो घरामागे बसून टाकून दिलेल्या वस्तूंसाठी शोक करतो. जग संपेपर्यंत तो तसाच बसणार, किंवा कुणी येऊन ती वस्तू दुरुस्त करेपर्यंत. कधी नदीकाठी बसतो, वाहून चाललेल्या विसरलेल्या वस्तूंसाठी.

या देवांना मी खेळात असं बसवलं: प्रत्येक घरात एकच देव जागा असतो. कुठला, ते फासे टाकून ओळखायचं नाही, घर बघून ओळखायचं. खेळाडू विचारतात, मी दिसतं ते सांगतो. गेल्या मोहिमेत पूर ओसरलेल्या एका गावात मंडळी मुक्कामाला होती. परसात जातं पडलेलं, वरचा दगड दुभंगलेला, खुंटा गायब. एका खेळाडूचं पात्र पाथरवटाच्या घरातलं. त्याने कुणी न सांगता दोन्ही भाग जुळवले, लोहाराकडून पट्टी आणून आवळली, नवा खुंटा ठोकला, आणि घरच्या म्हातारीला मूठभर नाचणी दळून दाखवली. मी एवढंच म्हणालो, ‘घरामागचा शोक थांबला.’ दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या लव्हाळ्यात अडकलेली एक लाकडी काठी सापडली, पुराची उंची मोजायच्या खुणा असलेली, तीन पिढ्या हरवलेली. अख्खी पुढची मोहीम त्या काठीवर उभी आहे.

आता तुम्ही बोला.

वेदगंगा

धागा आवडला, पण मनात आलं ते विचारतो. मी निपाणीकडचा. आमच्याकडे बिरोबा आहे, म्हसोबा आहे, मरगाई आहे, शिवेवरचे कितीतरी बिननावाचे दगड आहेत. वेशीवर नारळ फोडल्याशिवाय नवी गाडी गावात येत नाही. एवढं सगळं दाराशी असताना आयर्लंडच्या लॉर्डसाहेबांचे देव कशाला? तुमची ती रीतभातीची कल्पना मला पटते, पण रीत आपली आणि देव त्यांचे, हे अर्धवट वाटतं. आपल्या पोरांना बिरोबा म्हटलं की डोळ्यापुढे भंडारा उधळलेला माळ उभा राहतो. किलूलूगुंग म्हटलं की काय उभं राहणार?

घाटमाथा

वेदगंगा, हा प्रश्न येणार हे माहीत होतं आणि तो योग्यच आहे.

टेबलावर देव आला की त्याच्याशी खेळाडू काहीही करू शकतात. त्याला फसवतील, त्याचं देऊळ लुटतील, त्याच्या नावाने खोटं बोलतील. हे स्वातंत्र्य नसेल तर तो खेळ राहत नाही. आणि आमच्या टेबलावर अशी माणसं आहेत ज्यांच्या घरातून दर वर्षी सौंदत्तीच्या डोंगरावर गाडी जाते, डोक्यावर यल्लम्माचा जग (देवीची मूर्ती बसवलेली टोपली) घेऊन माणसं उदो म्हणत चढतात. यल्लम्मा त्यांच्यासाठी गोष्टीतलं पात्र नाही. तिच्या तोंडी संवाद घालायचा अधिकार मला, डीएम म्हणून, कुणी दिलेला नाही. १९८० साली डी अँड डीच्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात भारतीय देवही घातले होते, हिट पॉइंट आणि आर्मर क्लाससकट (घाव लागणं किती अवघड तो आकडा). ज्या देवापुढे रोज कुठेतरी दिवा लागतो त्याला किती घाव घातले की तो पडेल, हे छापणं मला आजही बघवत नाही.

दुसरं कारण खेळाचं आहे. बिरोबाला काय आवडतं ते आपल्याला आधीच माहीत असतं. कुणाला मामाच्या गावचं माहीत असतं, कुणाला आजीने सांगितलेलं, आणि मग टेबलावर वाद होतो की ‘आमच्याकडे असं नसतं’. किलूलूगुंगबद्दल कुणालाच काही माहीत नाही. तुम्ही विचारता काय उभं राहणार. पहिल्या बैठकीत काहीच नाही. पण खेळाडूंनी स्वतः ठरवलं की पाहुणा आला की चुलीत एक ओलं लाकूड घालायचं, धूर जास्त झाला म्हणजे किलूलूगुंगला कळतं घरात माणूस वाढलंय. हे पुस्तकात कुठेही नाही. आता ते आमच्या खोऱ्यात प्रत्येक घरात होतं, आणि एकदा एका घरात धूरच दिसला नाही तेव्हा सगळे एकदम सावध झाले. देव शोधून काढायला मिळणं ही चैन आहे, आणि ती परक्या देवांतच मिळते.

जांबोटी_पाऊस

+१ दोघांनाही. जांबोटीची आहे, आता कामासाठी पुण्यात.

घाटमाथा, तुम्ही घरचे देव छान बसवलेत, पण त्यांच्याशी बोलायचं कसं? पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांत क्लेरिकला डिव्हाइन इंटरव्हेन्शन (देवाला थेट मदतीला बोलवणं) दहाव्या लेव्हलला, म्हणजे पात्र बरंच पुढे गेल्यावर मिळतं, आणि तेव्हाही शंभरी फाशावर आपल्या लेव्हलइतका किंवा कमी आकडा यावा लागतो, म्हणजे शंभरात दहा वेळा. पेगानाच्या मोठ्या देवांना ते शोभतं, ते ऐकतच नाहीत फारसे. घरामागे बसलेल्या जाबिमशी बोलायला मात्र दहाव्या लेव्हलची वाट कशाला बघायची? तो तर पहिल्या दिवसापासून शेजारी आहे.

आमच्या गटात मी कौल आणला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे, घाटाखाली आणि गोव्यातही, गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या नाहीतर पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे वाट बघतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. कधी कधी बराच वेळ काहीच पडत नाही. तो मधला वेळ ज्याने अनुभवलाय त्याला कळेल मी का म्हणतेय. शेतीपासून लग्नापर्यंत सगळे प्रश्न त्या ओल्या पाकळीवर थांबलेले असतात.

खेळात असं करते. ज्याला काही मागायचंय त्याने गाऱ्हाणं मोठ्याने घालायचं, आपल्या शब्दांत. त्यात तीन गोष्टी याव्याच लागतात: आपण कोण, काय अडलंय, आणि काम झालं तर काय देणार. घाटाखाली गाऱ्हाण्याला बाकीचे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात, तशी साथ टेबलावरचे सगळे देतात. मग दोन सहातोंडी फासे. दहा किंवा वर, उजवा कौल. सहा किंवा खाली, डावा. सात ते नऊ म्हणजे पाकळी अडकली: देव ऐकतोय, पण आणखी काहीतरी हवंय, आणि ते काय हे डीएमने नाही, मागणाऱ्याच्या उजवीकडे बसलेल्या खेळाडूने सांगायचं. फाशांची ही विभागणी अपोकॅलिप्स वर्ल्ड (२०१०) या खेळाच्या घराण्यातली आहे, जुनीच.

सगळ्यात चांगला परिणाम म्हणजे नवस फेडायची घाई. एका मुलीने झुम्बिबूला, धुळीच्या देवाला, ‘सात दिवस घर झाडणार नाही’ असं बोलून चोरांच्या पाऊलखुणा मागितल्या होत्या. कौल उजवा पडला, खुणा मिळाल्या, आणि मग चौथ्या दिवशी त्या घरात पाटलांची सून बघायला पाहुणे येणार असं मी जाहीर केलं. तिच्या पात्राने झाडू हातात घेतला नाही. पाहुण्यांना अंगणातच खाट टाकून बसवलं, ताक दिलं, घराच्या आत पाऊल टाकू दिलं नाही. त्या एका दुपारच्या प्रसंगाला आम्ही पूर्ण संध्याकाळ दिली.

पण एक विचारते. तुम्ही वर लिहिलंत की जिवंत देव टेबलावर नको. मग कौल ही जिवंत रीत आहे, ती चालते का? माझ्या मनात हे अजून मिटलेलं नाही.

रविवारची_बैठक

धारवाडहून. तुमचं सगळं मान्य, पण आकडे अगदीच काढून टाकले तर खेळाडूला आपण कुठे पोचलो ते कळत नाही. डी अँड डीच्या २०२० च्या थेरॉस पुस्तकात पायटी, म्हणजे भक्ती, नावाची पद्धत आहे. आपल्या देवाला रुचेल असं वागलं की गुण वाढतात, आणि ३, १०, २५, ५० या टप्प्यांवर काहीतरी मिळतं. ती पद्धत पेगानाला सरळ लावता येईल. माझ्या गटातल्या मुलांना पुढचा टप्पा दिसत असला की ती देवासाठी काहीतरी करत राहतात. नाहीतर क्लेरिकसुद्धा देवाला विसरून जातो, हे मी पाहिलंय.

आणखी एक. मारामारीच्या प्रसंगी देवांचं काय? कुणी मुंगवर तलवार उपसली तर?

घाटमाथा

दोघांना एकत्र उत्तर देतो.

जांबोटी_पाऊस, तुमचा कौलाचा नियम मी आजच उचलतोय. सात ते नऊला शेजारच्या खेळाडूने मागणी सांगायची, हे तर फारच सुंदर. चालतं का या प्रश्नावर माझं मत: माणसांनी देवापुढे कसं उभं राहायचं ही रीत माणसांची आहे. ती आपण गोष्टीत, नाटकात, दशावतारात नेहमीच आणत आलोय. टेबलावर कुणाची थट्टा होत नसेल आणि खऱ्या देवाचं नाव येत नसेल तर मला अडचण वाटत नाही. मी फक्त एक पथ्य ठेवेन. खऱ्या पाकळ्या, कुंकू, भंडारा टेबलावर आणायचा नाही. फासेच राहू देत. तुमच्या गटात कुणाला खटकलं तर लगेच थांबवा, चर्चा नंतर.

रविवारची_बैठक, पायटी चांगली पद्धत आहे, पण ती अशा देवांसाठी आहे ज्यांना भक्तांची मोजदाद ठेवायची असते. पेगानातल्या मोठ्या देवांना माणसाचं वागणं रुचतं की नाही हेच माहीत नसतं. पुस्तकातले प्रेषित एकामागून एक येतात, देवांबद्दल खात्रीने बोलतात आणि फसतात. शेवटी इम्बाउन नावाचा मोठा प्रेषित येतो. किबच्या भक्ताला ‘२५ गुण झाले, हे घे’ म्हटलं की त्या पुस्तकाचा आत्माच जातो. घरच्या देवांना मात्र ती लागू शकेल, एका बदलाने: गुण माणसाचे नाहीत, घराचे. पात्र मेलं तरी ते घरापाशी राहतात, आणि पुढचा पाहुणा त्यावर जगतो.

मुंगवर तलवार उपसली तर मी हात पालथा ठेवतो. फासे टाकत नाही.

हुक्केरीचा_गडी

ह्यांच्याच टेबलावरचा मी. शाळा कन्नडात झाली, मराठी घरातली आणि बाजारातली, त्यामुळे लिहिण्यात इकडं-तिकडं झालं तर समजून घ्या. डीएमनी सगळ्यात मोठी गोष्ट लिहिलीच नाही म्हणून मी लिहितोय.

पेगानात तीन नद्यांचे धनी आहेत, इमेस, झानेस आणि सेगास्ट्रियन. ते घरच्याच देवांतले. एकदा त्यांना वाटलं आपण पेगानाच्या देवांपेक्षा मोठे. आणि ते उठले, काठ सोडून सगळीकडं पसरले, माणसं बुडवली. तेव्हा मुंग वाळवंटात गेला आणि उंबूलला सांगितला, जा, त्यांच्या तोंडासमोर बसून हस. उंबूल म्हणजे दुष्काळ, मुंगचा पशू. तो टेकडीवर बसला आणि तीस दिवस नुसता दात काढून हसत राहिला. पाणी उतरलं, नद्या आपल्या पात्रात आल्या, तरी तो हसतच. शेवटी सेगास्ट्रियन एवढा सुकला की एक माणूस त्याला ओलांडून पाय टाकून गेला.

मी हे वाचलो आणि डीएमला म्हटलो, अहो हा आमचा जिल्हा आहे की. पश्चिमेला कणकुंबी, जिथं मलप्रभा उगवते, तिथं पावसाळ्यात दिवसचे दिवस ऊन दिसत नाही. पूर्वेला अथणी, रायबाग, तिकडं बघा, ढग बघून बघून मान दुखते. एकाच जिल्ह्यात दोन्ही. २०१९ च्या ऑगस्टला घटप्रभा गोकाकच्या वस्तीत शिरली, मलप्रभेनं रामदुर्गाकडची गावं घेतली. त्याच्या आधीची वर्षं तिकडं टँकरची होती. आमच्या हुक्केरी तालुक्यातच हिडकल धरण आहे, आणि धरणात किती पाणी हे घरातलं लहान पोरसुद्धा विचारतं.

म्हणून आमच्या खोऱ्याचा नकाशा असा केला: तिन्ही नद्या पश्चिमेच्या घाटात उगवून पूर्वेला जातात. पुराची गावं वर, कोरडी गावं खाली. आणि मोहिमेचा प्रश्न एकच, उंबूलला बोलवायचं की नाही. बोलवला तर पूर उतरेल, पण तो आधी कुठल्या टेकडीवर बसणार? पूर्वेच्या. आधी जळणार पूर्वेची शेतं, ज्यांनी कुणाला बुडवलेलं नाही. माझं पात्र पूर्वेकडचं, मेंढपाळ. खानापूरच्या मित्राचं पात्र नावाडी, त्याचं घर पुरात गेलेलं. दोघं जिवाभावाचे. गेल्या बैठकीत ह्या एका गोष्टीवर दोघं भांडलो, पात्र म्हणून, आणि मी कन्नडात, तो मराठीत. मधी थांबून कुणी कुणाला समजावून सांगितलं नाही, गरजच पडली नाही.

नदीच्या देवांना हिट पॉइंट असते तर आम्ही त्यांना मारायला गेलो असतो. दोन तासांत काम झालं असतं.

नवखा_शहापूर

वाचून सुरुवात करावीशी वाटतेय. मी कधीच खेळलेलो नाही. काय काय लागतं? वीसतोंडी फासे इथे दुकानात मिळतात का?

घाटमाथा

नवखा, फासे ऑनलाइन मागवावे लागतात, पण थांबायची गरज नाही, मोबाइलवर फासे टाकणारी ॲप फुकट आहेत. जांबोटी_पाऊस यांच्या कौलाला तर सापशिडीतले दोन फासे पुरतात. तुमच्यासाठी माझा सल्ला असा: डी अँड डीचा नियमसंच पहिल्या दिवशी उघडूच नका. एक घर घ्या, त्यात एक घरचा देव ठेवा, तीन मित्रांना त्या घरात पावसात अडकलेले प्रवासी करा, आणि कौलाचा नियम वापरा. एका संध्याकाळचा खेळ होतो. पित्सूपासून सुरुवात केली तर सोपं जातं, घरात मांजर असतंच.

वेदगंगा

हुक्केरीकरांचं वाचून माझं म्हणणं बरंच बदललं. नद्यांचा भाग इतका आपला आहे की देवांची नावं परकी आहेत हे मधूनच विसरायला होतं. फक्त एक राहिलं. उंबूल आला तर परत कसा जाणार? पुस्तकात काय आहे?

घाटमाथा

पुस्तकात पेगानाचे देवच म्हणतात की आता पुरे, आणि उंबूल आपल्या वाळवंटात परत जातो. माणसांच्या हातात काहीच नाही. खेळात तसं ठेवलं तर खेळाडूंनी नुसतं बघत बसायचं, म्हणून इथे मी पुस्तकापासून मुद्दाम दूर गेलोय.

आमच्याकडे उंबूल तीस दिवस बसतो, आणि प्रत्येक दिवशी पूर्वेच्या एका गावातला घरचा देव गप्प होतो. आधी किलूलूगुंग, कारण चुली थंडावतात. मग पित्सू, मग होबिथ. जाबिम शेवटी. उंबूलला परत पाठवायचं तर नदीच्या धन्याने स्वतः कुणाला तरी आपल्यावरून ओलांडून जाऊ द्यायला हवं, राजीखुशीने. सेगास्ट्रियनला हे मान्य करायला लावणं हे खेळाडूंचं काम. लव्हाळ्यात सापडलेली ती मोजकाठी तिथे उपयोगी पडणार आहे, कारण तिच्यावर जुन्या लोकांनी पुराची खूण केलीय तशी नदीने दिलेल्या शब्दाचीही. कौल एकदाच, सगळ्यांनी मिळून, पूर्व आणि पश्चिम दोन्हीकडच्या पात्रांनी एकाच गाऱ्हाण्यात. कोण काय द्यायचं कबूल करतं यावर सगळं ठरेल. मी उत्तर लिहून ठेवलेलं नाही.

घरच्या देवांची पानं टंकून झाली की इथेच टाकतो, प्रत्येकाला काय चालतं, काय चालत नाही यासकट. आधी जाबिम आणि किलूलूगुंग. झुम्बिबूचं पान जांबोटी_पाऊस यांनी लिहावं अशी विनंती.

जांबोटी_पाऊस

लिहिते. सात दिवस न झाडण्याचा नियम त्यात राहील, आणि पाहुण्यांना अंगणात बसवायचाही. शनिवारपर्यंत देते.